फुटबॉललाही वस्ताद लागतो

१ ऑगस्ट २०२५ला खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्या रात्री परभणीहून आमच्या जुन्या कर्णधाराचा फोन आला. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही एकाच कॉलेजच्या संघात होतो. मी लेफ्ट बॅक, तो मधल्या फळीत. माझा खेळ बेताचा. त्याचा मात्र बघत राहावा असा, दोन वर्षं तो विद्यापीठाकडून खेळला. आज त्याचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. फोनवर एवढंच म्हणाला, "आपल्यातला एक माणूस बसला बघ तिथं."

जमील तसे आमच्यातले नव्हेत. ते देशाकडून खेळलेले, आम्ही नांदेड-लातूरच्या पुढं फारसे न गेलेले. पण त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. खेळ संपल्यावर घरी न जाता मैदानाच्या कडेला बसून राहिलेला माणूस, असं त्याला म्हणायचं होतं. आणि त्याच्या आवाजात जे होतं, तेच या लेखाचं कारण आहे. मराठवाड्यात फुटबॉल खेळून उठलेल्या माणसाला बसायला जागाच नाही. ती जागा करून दिली पाहिजे, मैदानाच्या आणि कुंपणाच्याही आधी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जमील यांची कारकीर्द नीट पाहिली तर मुद्दा लवकर लक्षात येतो. जन्म १९७७चा, कुवेतमधला. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा, मग मुंबई एफसी असा मधल्या फळीतल्या खेळाडूचा प्रवास. दुखापतींनी पाय धरला आणि २००९मध्ये, बत्तिशीतच, खेळ थांबला. त्याच क्लबनं त्यांना प्रशिक्षक केलं. पुढची सात वर्षं ते तिथं होते. मुंबई एफसी हा काही चषक जिंकणारा संघ नव्हता. वरच्या गटात टिकून राहणं एवढंच दरवर्षीचं युद्ध, आणि ते ते लढत राहिले. २०१६मध्ये ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात खाली घसरलेला, मग पुन्हा आत घेतलेला. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये १-१ बरोबरी साधून तो संघ आय-लीग या देशपातळीवरच्या क्लब स्पर्धेचा विजेता झाला. ईशान्येतला पहिला. पुढं नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर, प्रशिक्षणातला सर्वांत वरचा प्रो परवाना, आणि तेरा वर्षांनी राष्ट्रीय संघाला मिळालेला भारतीय प्रशिक्षक.

अख्ख्या मिझोराम राज्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे १० लाख ९७ हजार होती. आपल्या एकट्या हिंगोली जिल्ह्याची ११ लाख ७७ हजार. "आपल्याकडं माणसंच कुठंयत खेळायला" असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून बघावेत.

जमील यांच्या वाट्याला अपयशही आलं. मध्य आशियाई देशांच्या काफा चषकात ओमानला हरवून तिसरा क्रमांक मिळाला खरा, पण ऑक्टोबर २०२५मध्ये गोव्यात सिंगापूरकडून १-२ हार झाली आणि २०२७च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशानंही हरवलं. टीका झाली, ती काही अंशी रास्तही आहे. त्यांच्या संघाचा खेळ मलाही नेहमी आवडतो असं नाही. माझं लक्ष मात्र २००९च्या त्या वर्षावर खिळलेलं आहे. दुखापतग्रस्त, राष्ट्रीय संघातून केव्हाच बाहेर गेलेला एक खेळाडू, आणि कुणीतरी त्याला सांगितलं की थांब इथंच, पोरांना बघ, महिन्याला पगार घे. तसं झालं नसतं तर ऐझॉल नाही, प्रो परवाना नाही, काहीच नाही. मुंबईसारख्या शहरातही अशी जागा फार थोड्यांना मिळते. महिंद्राचा संघ २०१०मध्ये बंद पडला, मुंबई एफसी २०१७मध्ये. मग मराठवाड्याचं काय विचारता?

आणि तरी ही गोष्ट मराठवाड्याला परकी नाही. खेळ सोडलेल्या माणसाचं काय करायचं हे आपल्याला फुटबॉलमध्ये ठाऊक नसेल, कुस्तीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कुस्ती सोडलेला चांगला पैलवान वस्ताद होतो. हौद्याच्या कडेला त्याची जागा ठरलेली असते. पहाटे पोरं माती उकरायला यायच्या आधी तो आलेला असतो. जत्रेच्या फडात त्याला पहिला फेटा बांधतात, पट्ठ्याची कुस्ती लागली की लोक आधी विचारतात, "पोरगं कुणाच्या तालमीचं?" पूर्वी गावकरी त्याच्या घरी धान्य, दूध पोचवायचे. हे सगळं व्यवस्थित होतं असं मी म्हणत नाही. कित्येक वस्तादांचं म्हातारपण हलाखीत गेलं. पण समाजाच्या मनात त्या माणसाला एक नाव होतं, एक काम होतं.

त्यातून काय उभं राहिलं ते पाहा. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९चे महाराष्ट्र केसरी. कुस्ती थांबल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवत बसले. पाटोदा तालुक्यातला राहुल आवारे तिथं त्यांच्या हाताखाली आला. बिराजदारमामा २०११मध्ये गेले. मग लातूरचेच काका पवार, अर्जुन पुरस्काराचे मानकरी आणि स्वतः आंतरराष्ट्रीय मल्ल, त्यांनी राहुलला सांभाळलं. २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं सुवर्णपदक जिंकलं, २०१९ला जागतिक स्पर्धेत कांस्य. राष्ट्रकुलचं पदक त्यानं बिराजदारमामांना वाहिलं. एक पैलवान थांबला, त्यानं दुसरा घडवला, तो अर्धवट राहिला तेव्हा तिसऱ्यानं हात दिला. तिघंही आपल्याकडचे. खंत एवढीच की या साखळीला पुण्यात जावं लागलं.

खो-खोचंही तेच. धाराशिवची सारिका काळे २०२०मध्ये अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली, ती त्या शहरात वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी मैदानावर उभं राहणारी माणसं होती म्हणून. आणि जिथं असा माणूस नसतो तिथं काय होतं? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, रौप्यपदक घेतलं. त्याचा गुरू त्याला बीडमध्ये भेटला नाही, सैन्यात भरती झाल्यावर भेटला. भरती हुकली असती तर? बीड जिल्ह्यात अशी किती पोरं भरतीच्या मैदानावर एक-दोन सेकंदांनी मागं राहून परत गावाला गेली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

फुटबॉलच्या बाबतीत तर आपण एका फार मोठ्या वस्तादाच्या अंगणात होतो. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. मराठवाड्याच्या गाड्या ज्या काचीगुडा स्टेशनात जाऊन थांबतात, त्या काचीगुड्यातल्या शाळेत त्यांनी शिकवलं होतं. स्वतः खेळाडू म्हणून त्यांचं नाव मोठं नव्हतं, शिकवणारे म्हणून झालं. पोरांसाठी ते वेगळ्याच स्पर्धा भरवायचे. एकीत फक्त कमजोर पायानं चेंडू मारायचा, दुसरीत चेंडू पायाशी घोळवायचाच नाही, आला की दुसऱ्याला द्यायचा. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला. १९५१ आणि १९६२ अशी आशियाई स्पर्धांची दोन सुवर्णपदकं देशाला त्यांच्याच हाताखाली मिळाली. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला.

त्याच १९५६च्या १ नोव्हेंबरला मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. बरोबर एका महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले आणि भारत उपांत्य फेरीत गेला. भाषेच्या राज्यात येणं आपल्याला हवंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण निजामाच्या काळातल्या रेल्वेनं मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादपर्यंत जो रस्ता बांधला होता, त्या रस्त्यानं हैदराबादचा फुटबॉल आपल्या शहरांत आला होता. औरंगाबादच्या आमखास मैदानावर, छावणीत, नांदेड-परभणीच्या मोहल्ल्यांत तो अजूनही खेळला जातो. खेळ आला, खेळाची माया आली. शिकवणाऱ्यांची परंपरा मात्र तिकडंच राहिली. रहीमसाहेब ११ जून १९६३ला कर्करोगानं गेले, पण त्यांच्या मागं नईमुद्दीनसारखे हैदराबादी खेळाडू देशाचे कर्णधार आणि पुढं प्रशिक्षक झाले. त्या साखळीतली एकही कडी आपल्या बाजूला पडली नाही.

आज आपल्याकडं फुटबॉल कसा चालतो ते मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. शालेय सामन्यांचा हंगाम पावसाळ्यात येतो. आपली माती काळी. एक चांगला पाऊस झाला की बुटाला किलो-किलोचे लोंदे चिकटतात, मारलेली फक्की तासाभरात वाहून जाते. उन्हाळ्यात त्याच मैदानाला बोट जाईल अशा भेगा पडतात, एप्रिलपासून पारा चाळिशीच्या वर. म्हणजे खेळायचं तर पहाटे किंवा दिवस मावळता. बीडकडच्या शाळांत दिवाळीनंतर अर्धा संघ आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेला असतो. तालुक्याचा सामना, जिल्ह्याचा सामना, मग विभाग. आपले क्रीडा विभाग दोन, छत्रपती संभाजीनगर आणि लातूर. विभागाला पुणे किंवा कोल्हापूरकडच्या संघाशी गाठ पडत नाही, ती राज्याला पडते, आणि तिथं पहिल्या वीस मिनिटांत सगळं उघडं होतं. आमची पोरं पळण्यात कमी नसतात. चेंडू यायच्या आधी मान वळवून मागं कोण आहे ते बघायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कोल्हापूरच्या पेठेत हे नऊ वर्षांच्या पोराला शेजारचा माणूस सांगतो, कारण शेजारचा माणूस खेळलेला असतो आणि संध्याकाळी कट्ट्यावर असतो.

मलाही ते कुणी सांगितलं नव्हतं. आमचे क्रीडा शिक्षक सज्जन होते, कबड्डीचे होते. ते शिट्टी वाजवायचे आणि "पळा रे" म्हणायचे. ऑफसाइड म्हणजे काय हे मला अकरावीत, प्रतिस्पर्धी संघाच्या गोलरक्षकाकडून कळलं.

"शाळेत क्रीडा शिक्षक असतातच की" असं कुणी म्हणेल. असतात तिथं एकच असतो आणि त्याच्या माथी खो-खोपासून योगदिनापर्यंत सगळं असतं, वर कार्यालयीन माहिती भरणं आणि निवडणुकीची कामं. कित्येक शाळांत तेही पद रिकामं किंवा मानधनावर. त्याच्याकडून फुटबॉलचा वस्ताद होण्याची अपेक्षा करणं त्याच्यावरच अन्याय आहे.

सरकारनं काही केलं नाही असंही नाही. २०१७मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, काही सामने नवी मुंबईत. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यातल्या १० लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा अशी मोहीम निघाली. शाळांना चेंडू आले. माझा भाचा ज्या शाळेत होता तिथंही आले. पहिला दिवस फार छान गेला, मी बघायला गेलो होतो. मुली लांब ओढण्या कमरेला बांधून धावत होत्या. दोन महिन्यांनी गेलो तर चेंडू कपाटात, हवा गेलेले. हवा भरायची सुई हरवली होती. मला त्या शाळेचा राग आला नाही. ज्याला रोज सकाळी चेंडू लागतो, असा माणूसच तिथं नव्हता. तो असता तर त्यानं सायकलच्या दुकानातून सुई आणली असती.

पैशाचं म्हणाल तर गणित साधं आहे. तालुका क्रीडा संकुलासाठी राज्य सरकार आता ५ कोटी रुपयांपर्यंत अनुदान देतं. मराठवाड्यात आठ जिल्हे, ७६ तालुके. प्रत्येक तालुक्यात एक फुटबॉल प्रशिक्षक नेमला, महिन्याला २० हजार रुपये दिले, तर वर्षाचा खर्च १ कोटी ८२ लाख ४० हजार. एका तालुक्याच्या संकुलाच्या रकमेत ७६ माणसं अडीच वर्षांहून जास्त काळ मैदानावर उभी राहतील. संकुलं नकोत असं मी म्हणत नाही. पण दाराला कुलूप असलेलं, आत गाजरगवत वाढलेलं संकुल कुणी पाहिलं नाही? त्याउलट आमखासवर गवताची एक काडी नसताना रोज सामने होतात.

इथं एक खरा आक्षेप आहे आणि तो मला टाळायचा नाही. चांगला खेळाडू म्हणजे चांगला शिक्षक नव्हे. अगदी बरोबर. आमच्या वेळचे दोन उत्तम फॉरवर्ड असे होते की त्यांना पोरांसमोर उभं केलं तर ती पोरं खेळ सोडतील. स्वतःला जे सहज जमलं ते दुसऱ्याला का जमत नाही हेच त्यांना कळायचं नाही. रहीमसाहेबांसारखा मोठा न खेळलेला माणूस सगळ्यांच्या पुढं गेला, तेही याच कारणानं. म्हणून नुसतं खेळल्याचं प्रमाणपत्र बघून नेमणूक करायची नाही. प्रशिक्षकांचे परवाने आहेत. डी, मग सी, बी, ए आणि प्रो अशी शिडी आहे. डी परवान्याचा अभ्यासक्रम काही दिवसांचा असतो. पण तो बहुतेक वेळा मुंबई-पुण्याकडं होतो. फी, प्रवास, राहणं, बुडालेली रोजी, हे सगळं मिळून सेलूच्या किंवा देगलूरच्या तरुणाला परवडत नाही. तो अभ्यासक्रम वर्षातून दोनदा नांदेडला आणि छत्रपती संभाजीनगरला घ्यावा, फी सरकारनं भरावी, आणि परवाना मिळाल्यावर निदान तीन वर्षं तालुक्यात शिकवण्याची अट घालावी. जमील यांनाही प्रो परवाना खेळ थांबला त्या दिवशी मिळाला नव्हता. मैदानाच्या कडेला बसून त्यांनी तो कमावला.

या नेमणुकांत मुलींसाठी स्त्रिया हव्यातच. गोव्याच्या मेमोल रॉकी देशाकडून खेळल्या आणि २०१७मध्ये भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, तिथवर पोचणाऱ्या पहिल्या स्त्री. आपल्या गावात पहाटे साडेपाचला मुलीला मैदानावर पाठवताना आई पहिला प्रश्न विचारते तो "तिथं बाई आहेत का?" हा. त्या प्रश्नाला होकार देता आला तर निम्मं काम तिथंच झालं.

दुसरीकडं, सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणानं काय केलं हेही मोकळेपणानं बोललं पाहिजे. त्यानं खूप घरं उभी केली, आणि ते आरक्षण राहावंच. पण त्यामुळं आपल्याकडं खेळ हा प्रमाणपत्रापर्यंतचा रस्ता झाला. प्रमाणपत्र मिळालं, नोकरी लागली, बूट माळ्यावर. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं याच भुकेतून आली. खेळाडू तलाठी होतो, पोलीस होतो, चांगलं काम करतो. पण त्याच्या पायात जे पंधरा वर्षं साठलं ते कुणाला देण्याची सोय त्या नोकरीत कुठंच नसते. भारताचे जुने कर्णधार पी. के. बॅनर्जी रेल्वेच्या नोकरीत होते. त्या नोकरीनं त्यांना खेळू दिलं. ईस्टर्न रेल्वेनं १९५८ला कोलकात्याची लीग जिंकली ती त्यांच्यासह. पुढं ते ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचे प्रशिक्षक झाले. खेळाडू कोट्यातल्या आपल्या तलाठ्याला, पोलिसाला आठवड्यातल्या चार सकाळी मैदानासाठी कामावरून सूट द्यायला सरकारचा वेगळा पैसाही लागणार नाही. एक आदेश पुरेल.

"वीस हजारांत कोण येणार?" हा शेवटचा प्रश्न मला एका जिल्हास्तरीय बैठकीत विचारला गेला. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. मला उत्तर लगेच सुचलं नाही. बाहेर येऊन मी कर्णधारालाच फोन लावला आणि तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. दुकानात गिऱ्हाईक होतं, थोडं थांब म्हणाला. मग म्हणाला, "दुकान दहाला उघडतो. पहाटे साडेपाच ते साडेआठ मी मोकळाच असतो. पैशाचं नंतर बघू, पण पत्र निघालं पाहिजे. पत्र नसलं की गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही."